काळ्या नदीच्या तीन सहली

मॉरिशसला जाणाऱ्या मराठी पर्यटकाच्या कार्यक्रमपत्रिकेत एक दिवस हमखास असतो. सकाळी हॉटेलच्या दारातून बस सुटते. क्युरपीपजवळचे मृत ज्वालामुखीचे विवर, मग गंगा तलाव आणि तिथली शंकराची ३३ मीटर उंच मूर्ती, पुढे काळ्या नदीच्या घळींचा देखावा, शामारेलचा धबधबा आणि सप्तरंगी माती. जेवणानंतर 'साहस', म्हणजे तारेवरून दरी ओलांडणे किंवा चार चाकांच्या फटफटीवरून उसाच्या कडेकडेने धूळ उडवणे. आणि शेवटचे दोन तास पश्चिम किनाऱ्यावरच्या एखाद्या हॉटेलात, तरणतलावाकाठी, आडव्या खुर्चीत. पत्रिकेत या शेवटच्या भागासाठी 'निवांत' एवढाच शब्द छापलेला असतो.

काही वर्षांपूर्वी मी ही सहल केली. करताना ती मला आवडली हे आधीच सांगून टाकतो, कारण पर्यटनाकडे नाक मुरडून पाहणे हा साहित्याच्या प्राध्यापकांचा जुना आजार आहे आणि मला त्याची लागण नाही असे म्हणता येणार नाही. घळींच्या कठड्यावर उभे असताना मला जाणवले ते एवढेच, की ही जागा मी आधी वाचलेली आहे. खाली समुद्राकडे उतरत जाणारी ती काळी नदी, फ्रेंचमध्ये रिव्हिएर न्वार, हिच्या काठावर एक दिवसाची सहल करून परतलेली माणसे वाङ्मयात आणि इतिहासात याआधीही आहेत. एक सहल कादंबरीतली आहे, एक प्रवासवर्णनातली. दोन्ही आपल्या वाचनात केव्हा ना केव्हा येतात, पण निसर्गवर्णनाचे नमुने म्हणून. ती वर्णने कोणत्या वाटेवर उभी राहून केलेली आहेत, हे विचारण्याची सवय आपल्याला नाही.

पहिली सहल १७८८ सालची. बर्नार्दां द सें-पिएर हा फ्रेंच लेखक १७६८ ते १७७० या काळात लष्करी इंजिनियर म्हणून मॉरिशसमध्ये होता. बेटाचे तेव्हाचे नाव इल द फ्रान्स. परत गेल्यावर १७७३ साली त्याने बेटावरील प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यात गुलामगिरीविषयी इतके स्पष्ट लिहिले की मळेवाल्यांच्या पचनी ते पडणे शक्यच नव्हते. कॉफी आणि साखर यांची युरोपच्या सुखाला गरज आहे की नाही ठाऊक नाही, पण या दोन वनस्पतींनी जगाच्या दोन खंडांचे दुःख मात्र निर्माण केले, असा त्याचा आशय होता. त्यानंतर पंधरा वर्षांनी आली 'पॉल ए व्हिर्जिनी'. उष्णकटिबंधातल्या हिरव्या दरीत, समाजापासून दूर, निसर्गाच्या मांडीवर वाढलेल्या दोन मुलांची ही कथा युरोपभर वाचली गेली. रवींद्रनाथांनी 'जीवनस्मृती'त लिहिले आहे की 'अबोधबंधू' मासिकात आलेला या कथेचा बंगाली अनुवाद वाचून लहानपणी आपण किती अश्रू ढाळले. केळी, नारळ, समुद्र आणि निरागस प्रेम हे जे समीकरण पुढे प्रत्येक मधुचंद्राच्या जाहिरातीत उतरले, त्याचे एक मोठे उगमस्थान या छोट्या पुस्तकात आहे.

या कादंबरीतला एक प्रसंग असा. रविवारची सकाळ. दोघांच्या आया पांप्लमूसच्या चर्चमध्ये गेलेल्या. इतक्यात एक पळून आलेली गुलाम स्त्री व्हिर्जिनीच्या दारात येते. हाडांचा सापळा झालेली, अंगावर फटक्यांचे वळ. रिव्हिएर न्वारच्या काठच्या एका मळेवाल्याची ती गुलाम. व्हिर्जिनी तिला खायला घालते आणि मग तिच्या मनात येते, आपण हिच्या मालकाकडे जाऊन हिच्यासाठी क्षमा मागू. पॉलला घेऊन ती निघते. वाट कोण दाखवते? ती गुलाम स्त्रीच. रानातल्या पायवाटांनी, डोंगर चढवत, नदी ओलांडत तीच त्यांना काळ्या नदीपर्यंत नेते. मालक उंच, कोरडा, ओठांत चिरूट-चिलीम आणि हातात वेताची छडी घेतलेला. व्हिर्जिनीचे रूप पाहून तो पाघळतो आणि शपथेवर सांगतो की गुलामाला मी क्षमा करतो, पण देवासाठी नव्हे, तुझ्यासाठी. व्हिर्जिनी त्या बाईला मालकाकडे जाण्याची खूण करते आणि स्वतः घाबरून पळत सुटते.

हा क्षमेचा व्यवहार किती गंभीर होता हे समजण्यासाठी १७२३ साली या बेटांना लागू झालेला 'काळा कायदा' आठवावा लागतो. महिनाभर फरारी राहिलेल्या गुलामाचे पहिल्या वेळी कान कापून खांद्यावर डाग द्यायचा, दुसऱ्या वेळी पायाची शीर तोडायची, तिसऱ्या वेळी मृत्युदंड. म्हणजे व्हिर्जिनी त्या बाईला परत नेत होती ती कुठे, हे लेखकाला नीट ठाऊक होते. कथेतल्या मुलीला ते ठाऊक नाही, आणि तिच्या त्या न ठाऊक असण्यालाच कादंबरी निरागसपणा म्हणते.

परतीच्या वाटेवर दोघे चुकतात. साहजिकच आहे, वाट दाखवणारी मागे राहिली. दिवस कलतो, भूक लागते. पॉल लाकडावर लाकूड घासून अग्नी पाडतो आणि ताडाच्या जातीचे झाड पाडून त्याचा कोवळा गाभा दोघे खातात. ओढा ओलांडताना तो तिला पाठीवर घेतो. वाचकाला उष्णकटिबंधातले जे काही हवे असते ते सगळे इथे आहे: घनदाट रान, धोका, पाणी, मावळतीचा प्रकाश. आजच्या भाषेत देखावा अधिक साहस. रात्री घरचा म्हातारा गुलाम दोमिंग कुत्र्याच्या मदतीने त्यांना शोधून काढतो आणि सांगतो की शोधता शोधता मी काळ्या नदीवरही जाऊन आलो. ती बाई तिथे पायात साखळी घालून ओंडक्याला जखडलेली होती आणि गळ्यात तीन आकड्यांचे लोखंडी कडे होते. क्षमा झाली ती अशी.

मग रानातून फरारी गुलामांची एक टोळी पुढे येते. त्यांचा नायक म्हणतो की भिऊ नका, सकाळी तुम्ही काळ्या नदीच्या बाईला घेऊन जाताना आम्ही पाहिले होते. फांद्यांची डोली करून ते या थकलेल्या गोऱ्या मुलांना खांद्यावरून घरी पोहोचवतात. माझ्या मते संपूर्ण कादंबरीतले हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे, आणि शिकवताना आपण ते ओलांडून जातो. सकाळपासून आम्ही पाहत होतो! म्हणजे जे रान दोन मुलांना आणि दोन शतकांच्या वाचकांना निर्मनुष्य, आदिम, निव्वळ निसर्ग वाटले, ते माणसांनी भरलेले होते. दिसू नये म्हणून धडपडणाऱ्या माणसांनी. या सहलीचा वाटाड्या गुलाम, शोधपथक गुलाम आणि परतीचे वाहनही गुलाम. आणि ज्या घरी ही मुले परतली, त्या दोन सद्गुणी आयांच्या घरीही दोमिंग आणि मारी हे दोन गुलाम होतेच. १७७३ चे स्पष्टवक्ते पुस्तक लिहिणारा लेखक १७८८ साली सुंदर कथा लिहू लागतो तेव्हा गुलामगिरीचा प्रश्न 'दुष्ट मालक विरुद्ध दयाळू मालक' एवढा आक्रसतो. त्या बाईला कादंबरीत नाव नाही.

दुसरी सहल ५ मे १८३६ ची. सहल करणारा २७ वर्षांचा, घराच्या ओढीने कंटाळलेला, 'बीगल' जहाजावरचा निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन. बेट १८१० सालीच इंग्रजांनी जिंकले होते. तिथला सर्व्हेयर जनरल कॅप्टन लॉइड याने डार्विनला आणि त्याच्या एका सहकाऱ्याला आपल्या बंगल्यावर दोन दिवस ठेवून घेतले आणि मग दक्षिणेला रिव्हिएर न्वारकडे, समुद्रातून वर उचलले गेलेले पोवळ्याचे खडक दाखवायला नेले. हा लॉइड गमतीचा माणूस. पनामाच्या संयोगभूमीची पाहणी करून आलेला. आणि ज्याच्या टोकावर भलामोठा गोल धोंडा तोलून ठेवल्यासारखा दिसतो तो पिटर बोथ डोंगर त्याने १८३२ साली दोर आणि शिड्या लावून सर केला होता. मॉरिशसमधले पहिले प्रसिद्ध 'अॅडव्हेंचर' म्हणायला हरकत नाही. सामान वाहायला अर्थातच मजूर होते.

डार्विनचे त्या दिवसाचे वर्णन थोडक्यात आणि प्रसन्न आहे. बागा, लाव्ह्याच्या अजस्र धोंड्यांमधून उगवलेला ऊस, लाजाळूच्या जातीची कुंपणे, रस्त्याच्या दुतर्फा आंब्याची झाडे. डोंगर आणि शेते एका नजरेत सामावतात तिथे, अशा शांत ठिकाणी आयुष्य घालवावे असे त्यालाही क्षणभर वाटून जाते. आणि मग हत्ती! लॉइडकडे एक हत्ती होता, बेटावरचा तेव्हाचा एकुलता एक, आणि पाहुण्यांना अस्सल हिंदुस्थानी थाटाची सवारी घडावी म्हणून त्याने तो अर्ध्या वाटेपर्यंत दिला. डार्विनला नवल वाटले ते त्याच्या पावलांचा मुळीच आवाज होत नाही याचे. निरीक्षण त्याला साजेसे आहे. हत्तीच्या मानेवर बसलेल्या माणसाबद्दल मात्र एक शब्द नाही. 'हिंदुस्थानी थाट' वर्णनात आला, हिंदुस्थानी माणूस निसटला.

अर्थात डार्विनवर अन्याय करू नये. त्याच प्रकरणात त्याने पोर्ट लुईच्या रस्त्यांवर दिसलेल्या हिंदी माणसांविषयी जे लिहिले आहे ते वाचण्यासारखे आहे. हिंदुस्थानातून जन्मठेपेवर पाठवलेले सुमारे ८०० कैदी तेव्हा बेटावर सार्वजनिक बांधकामांवर राबत होते. त्यांचे रुबाबदार चेहरे, वृद्धांच्या पांढऱ्याशुभ्र दाढ्या, त्यांची स्वच्छता आणि धर्माचरण पाहून तो चकित झाला. न्यू साऊथ वेल्समधील इंग्रज कैद्यांकडे ज्या नजरेने पाहिले त्या नजरेने यांच्याकडे पाहणे त्याला अशक्य वाटले. पुष्कळजण खुनासारख्या गुन्ह्यांसाठी आलेले, पण काहींचा गुन्हा नैतिक दोष म्हणता येईल असा नव्हताच, हेही त्याने नोंदवले. आणि याच प्रकरणात दुसरीकडे तो सांगतो की इंग्रजी अमलाच्या पंचवीस वर्षांत साखरेची निर्यात पंचाहत्तर पटींनी वाढल्याचे म्हणतात, आणि या भरभराटीचे एक मोठे कारण म्हणजे इथले उत्कृष्ट रस्ते. कैदी आणि रस्ते या दोन गोष्टी त्याने वेगवेगळ्या जागी लिहिल्या. जोडायचे काम वाचकावर सोडले, की त्याला ते जोडावेसेच वाटले नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

इथे आपला संबंध येतो. १८१५ पासून पुढची दोनएक दशके गव्हर्नर फार्कारच्या मागणीवरून सुरू झालेल्या या व्यवस्थेत बंगाल आणि मुंबई या दोन इलाख्यांतून सुमारे दीड हजार कैदी मॉरिशसला आले. 'काळे पाणी' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अंदमान येते, कारण सावरकरांनी आणि त्यांच्या वाचकांनी ते तिथे रुजवले. पण अंदमानची वसाहत १८५८ ची. त्याच्या चाळीस वर्षे आधी मुंबई इलाख्यातल्या माणसांचे काळे पाणी पेनांगसारख्या वसाहतींत आणि या बेटावर होते. इतिहासकार क्लेअर अँडरसन यांनी २००० साली या कैद्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मराठीत या विषयाची म्हणावी तशी दखल नाही, आणि मला याचे खरोखर वाईट वाटते. कारण स्थलांतराची आपली सगळी कहाणी आपण बोट धरून चालत गेलेल्या सभ्य माणसांपासून सुरू करतो.

कैद्यांच्या मागोमाग करारावरचे मजूर आले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, 'उमेदवारी'च्या नावाखाली आणखी चार वर्षे चालू राहिली आणि १८३९ साली पुरती सुटली. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ ला, 'अॅटलस' जहाजातून ३६ हिंदी मजूर पोर्ट लुईला उतरले होते. पुढच्या काळात उतरलेल्यांची संख्या साडेचार लाखांच्या वर जाते. बहुसंख्य भोजपुरी मुलखातले, त्याखालोखाल दक्षिणेकडचे. मुंबई बंदरातून गेलेले तुलनेने थोडे, आणि त्यांत कोकणातली माणसे पुष्कळ. काळ्या नदीच्या जिल्ह्यातले कास्काव्हेल हे गाव आजही मराठी वस्तीसाठी ओळखले जाते. ज्या धक्क्यावर हे मजूर उतरवले जात तो 'आप्रवासी घाट' २००६ साली जागतिक वारसा झाला. आपल्या त्या एक दिवसाच्या सहलीत तो नसतो. तो 'उत्तरेच्या सहली'त, बाजारहाटाच्या आधी, वीस मिनिटे असतो.

या बेटाच्या वर्णनांत हिंदी माणूस कसा येतो याचे आणखी एक उदाहरण. १८४१ साली वीस वर्षांचा बोदलेर सावत्र वडिलांच्या आज्ञेने कलकत्त्याच्या जहाजावर चढला, मॉरिशसला काही आठवडे राहिला आणि रियुनियनहून मागे फिरला. हिंदुस्थान त्याने पाहिलाच नाही. पण उष्णकटिबंधाचा सुगंध, आळस आणि ऊन आयुष्यभर त्याच्या कवितेत राहिले. यजमानीणबाईंवर त्याने सुनीत लिहिले, आणि दुसरी एक कविता एका 'मलबारी' स्त्रीवर. या बेटांवर मलबार हा शब्द केरळच्या माणसासाठी नव्हता, तो कोणत्याही हिंदी माणसासाठी होता. आमचा रत्नागिरीकरही तिथे मलबारच. गोऱ्या स्त्रीला तिचे घराणे मिळते, हिंदी स्त्रीला एक चुकीचा भूगोल.

तसेच मार्क ट्वेनचे. १८९६ साली तो इथे येऊन गेला. स्वर्ग मॉरिशसच्या नमुन्यावर बेतला, हे त्याचे वचन म्हणून प्रत्येक माहितीपत्रकात छापलेले असते. प्रत्यक्षात ट्वेनने ते एका स्थानिक नागरिकाच्या तोंडी घातले आहे, आणि लगेच दुसऱ्याचे मत दिले आहे की ही अतिशयोक्ती झाली. विनोदाची जाहिरात होताना दुसरे वाक्य गळते, एवढे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

आता तिसरी सहल, आपली. बस ज्या रस्त्याने उतरते त्याची हकीकत आली. शामारेलची रंगीत माती म्हणजे लाव्ह्याच्या खडकाची शतकानुशतके झीज होऊन उरलेली लोखंड आणि अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांची चिकणमाती. पावसाने तिच्या टेकड्या कोरल्या आहेत, तिच्यावर काही उगवत नाही. पाहून होते. घळींचे रान १९९४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. फरारी गुलामांचा आसरा असलेले हेच डोंगर.

खाली किनाऱ्यावर ला प्रन्यूज इथे एक गोल, जाड भिंतींचा बुरूज उभा आहे. इंग्रजांनी १८३० च्या दशकाच्या पूर्वार्धात असे काही बुरूज बांधले. भीती समुद्रावरून येणाऱ्या शत्रूची होती तशीच बेटावरच्या फ्रेंच मळेवाल्यांचीही; गुलामगिरी बंद झाली तर ते बंड करतील अशी. डार्विन काळ्या नदीवर आला तेव्हा हे बांधकाम ताजे असणार. आमच्या बसने बुरुजाशी गती कमी केली नाही, कारण पुढे तरणतलावाची वेळ ठरलेली होती.

आणि हा तलाव ज्या जमिनीवर असतो तिचा इतिहासही विलक्षण आहे. फ्रेंच अमलापासून बेटाभोवतीचा सुमारे ८१ मीटर रुंदीचा किनारपट्टा सरकारच्या मालकीचा आहे. त्याला 'पा जेओमेत्रिक' म्हणतात. मूळ हेतू संरक्षणाचा, तोफांच्या मोर्चांसाठी जागा मोकळी राहावी हा. तोफा गेल्या, पट्टा राहिला, आणि स्वातंत्र्यानंतर, म्हणजे १९६८ नंतर, पर्यटन वाढले तसा तो भाडेपट्ट्याने हॉटेलांना मिळत गेला. मध्यावरच्या पठारावर धो धो पाऊस पडतो, पण हा पश्चिम किनारा डोंगरांच्या पर्जन्यछायेत, बेटावरचा सर्वांत कोरडा. समोर पोवळ्याच्या भिंतीने शांत केलेला समुद्र असताना त्याच्या काठी गोड्या पाण्याचा निळा चौकोन कशाला, असा प्रश्न मला पडला होता. पाण्यात उतरल्यावर तो मी विसरलो, हेही खरे.

खुर्चीत पडल्यावर समोर ल मोर्न दिसतो. ५५६ मीटर उंचीचा, तिन्ही बाजूंनी समुद्रात घुसलेला कातळ. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फरारी गुलामांनी त्याच्या कपारींत वस्ती केली होती. लोककथा अशी की गुलामगिरी संपल्याची बातमी सांगायला शिपाई वर चढू लागले, तेव्हा ते आपल्याला पकडायलाच येत आहेत असे समजून वरच्या माणसांनी कड्यावरून उड्या घेतल्या. २००८ मध्ये ल मोर्नही जागतिक वारसा झाला. १ फेब्रुवारी हा तिथला सुट्टीचा दिवस आहे. आमच्या पत्रिकेत त्याचा उल्लेख 'नयनरम्य पार्श्वभूमी' असा होता. छापणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पार्श्वभूमी हा शब्द त्याने कादंबऱ्यांतूनच उचललेला असणार, आणि कादंबऱ्या शिकवतो आम्ही.

आमचा गाईड चाळिशीचा होता. पर्यटकांशी इंग्रजी, चालकाशी क्रिओल आणि आमच्याशी हिंदी. आम्ही आपसात काय बोलतो हे तो बराच वेळ ऐकत होता. घळींच्या कठड्याशी त्याने हळूच विचारले, "तुम्ही मराठी ना? आम्ही पण." पुढचे वाक्य त्याला मराठीत जमेना, म्हणून हिंदीत सांगितले, की गणपतीला आमच्याकडे झाकरी नाचतात, आजोबा म्हणायचे ती गाणी मला अजून पाठ आहेत, अर्थ सगळा लागत नाही. कोकणातली जाखडी! गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते हे मला माहीत होते, पण दीडशे वर्षे समुद्रापलीकडे टिकलेला तो एक शब्द ऐकून मी गप्प झालो. मी त्याला विचारले, तुमचे आजोबा कुठले? त्याने घळीतून खाली, उसाकडे बोट दाखवले. माझा प्रश्न कोकणातल्या गावाविषयी होता. त्याचे उत्तर मळ्याविषयी होते.

संध्याकाळी पाच वाजता बस निघाली. सगळे ओल्या केसांनी झोपले होते. गाईड पुढच्या आसनावर बसून उद्याच्या प्रवाशांची यादी वाचत होता.